बेलान्सच्या दफनभूमीपुढची विषारी झाडे

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
किनारा सुशोभन कार्यालय,
हिल्सबरो, कॅरिआकू.

विषय: बेलान्स गावच्या दफनभूमीपुढील मँचिनीलची झाडे न तोडण्याबाबत.

संदर्भ: झाडाला खिळ्याने ठोकलेली आपली नोटीस. (खिळ्याच्या जागी चीक गळून कागद काळा पडला आहे, त्यामुळे जावक क्रमांक लिहिता येत नाही. क्षमस्व.)

महोदय,

मी, युलालिया लेंडोर, वय चौऱ्याहत्तर, जन्मापासून बेलान्सची रहिवासी, आपणास नम्रपणे कळविते की, नोटिशीत ही झाडे ‘मनुष्यास अपायकारक’ असल्याचे म्हटले आहे ते खरे आहे. फळ वासाला गोड, पण खाल्ले तर घसा सुजून जीव जायची वेळ येते. चिकाने कातडी भाजते. पावसात खाली उभे राहिले तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही भाजते. इथल्या मुलांना हे चालायला शिकतानाच सांगितले जाते. झाडांचे गुण गाण्यासाठी मी हा अर्ज करीत नाही.

पूर्वी आमच्या किनाऱ्यावर सगळीच झाडे होती. सीडरच्या बाकदार फांद्या होड्यांच्या फासळ्यांना गेल्या, समुद्रद्राक्षाचा कोळसा झाला, बदाम चुलीत गेले. मँचिनील तेवढे उरले, कारण त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. जॅनेट वादळ आले तेव्हा मी दहा वर्षांची होते. वादळ ओसरल्यावर आजी मला दफनभूमीत घेऊन गेली. जिथे किनारा उघडा होता तिथल्या कबरी समुद्राने नेल्या होत्या. कबरींच्या कडेने लावलेले मोठे शंख पार रस्त्यापर्यंत विखुरले होते. मँचिनीलमागची एकही कबर हलली नव्हती. आजी पुष्कळ वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “दुष्ट आहे मेलं, पण राखण करतं.”

त्याच वर्षी तिने हाताला फडकी गुंडाळून फळे वेचली आणि उघड्या बाजूला पुरली. तिच्यानंतर ते काम माझ्याकडे आले. आपणास ठाऊकच आहे की बेटावर नदी नाही. घरच्या टाकीतले पावसाचे पाणी मी रोपांना घातले. शेजारणी म्हणत, “आम्ही भांडी खाऱ्या पाण्याने घासतो आणि ही युलालिया विषाला गोडं पाणी पाजते.” मी मनावर घेतले नाही. त्यांचीही माणसे त्याच झाडांमागे आहेत.

अनोळखी माणसाला कळावे म्हणून आम्ही प्रत्येक बुंध्यावर लाल पट्टा काढतो. होडीच्या तळाला लावून उरलेला रंग त्याच कामी येतो. गेल्या वर्षी होड्यांच्या शर्यतींच्या आधी आपल्या कार्यालयाने गावातील सर्व बुंध्यांना पांढरा चुना लावला. गाव छान दिसले. लाल पट्टे मात्र चुन्याखाली गेले, आणि पावसाची सर आली तेव्हा एक पाहुणी मुलगी त्यातल्याच एका झाडाखाली उभी राहिली. तिच्या खांद्यांवर फोड आले. तिला खाटेवर बसवून मीच तिचे खांदे धुतले. चुन्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु शिक्षा झाडांना होत आहे, एवढे निदर्शनास आणून देते.

तोडणीचे काम श्री. अल्स्टन नोएल यांना मिळाले आहे. मी त्यांच्या घरी जाऊन विनंती केली. त्यांनी मला कोको पाजला आणि ते म्हणाले, “मावशी, माझी आईही तिथेच आहे. पण हुकूम कागदावर आहे आणि आई मातीत. कागदाच्या आडवा कागदच घाला.” म्हणून हा कागद. ईस्टर झाल्यावर पहिल्या सोमवारी ते करवत घेऊन येणार आहेत.

महोदय, दफनभूमीच्या पुढच्या ओळीत, तिसऱ्या झाडामागे, माझी मुलगी रोझलिन आहे. ती सहा वर्षांची असताना तापाने गेली. तिला समुद्राची फार भीती वाटे. लाट आली की ती माझ्या परकराच्या मागे लपायची, आणि गेली का, गेली का, असे विचारत राहायची. तिला तिथे ठेवताना मी झाडे बघूनच जागा निवडली होती.

तरी विनंती अशी की, झाडे तोडू नयेत. लाल पट्टे मी स्वतः काढीन. पाहुण्यांच्या मोसमात रोज तिथे खुर्ची टाकून बसेन आणि प्रत्येकाला सांगेन. मला पगार नको.

ते शक्य नसल्यास, दुसरी झाडे लावून ती माझ्या उंचीची होईपर्यंत थांबावे. समुद्रद्राक्षाची रोपे माझ्या अंगणात तयार आहेत.

तेही शक्य नसल्यास, निदान लाकूड तिथे जाळू नये. त्या धुराने डोळे जातात, आणि अल्स्टनला अजून मुलींची लग्ने बघायची आहेत.

आणि यातले काहीच होणार नसेल तर माझी शेवटची मागणी मान्य करावी. माझ्यासाठी मागच्या बाजूला, नवऱ्याशेजारी, जागा राखून ठेवली आहे. ती मी सोडते. तिच्या बदल्यात तिसरे झाड जिथे आहे तीच जागा मला द्यावी. कबर सिमेंटची, रुंद आणि समुद्राला आडवी बांधावी. झाडे गेल्यावरही वाळू सरकायला वेळ लागतो आणि माझे आता फार दिवस नाहीत. लाट आलीच तर आधी माझ्यापाशी येईल. मी तिथूनच मागे रोझलिनला सांगू शकेन, की गेली.

आपल्या उत्तराची आणि सोमवारची वाट पाहणारी,
आपली नम्र,
युलालिया लेंडोर
बेलान्स, दि. ९ एप्रिल २०१९

सोबत: लाल रंगाचा एक डबा. आपल्या माणसांना चुना लावायचाच असेल तर नंतर हा वापरावा.