थंडीतली उन्हाळी

बोईसर, शुक्रवार

ती. नर्मदामावशीस तेजलचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे अजून तसेच उतरतात का? मितेशदादा बोटीवर जाताना स्नेहावहिनीचाही फोन घेऊन गेला, हे ऐकून हसू आलं. (एक माणूस, दोन फोन आणि रेंज कुठेच नाही.) तुझ्या फोनवर बोलायचं तर तू स्पीकर लावतेस आणि अर्धी आळी मध्ये बोलते, म्हणून हे पत्र. तुला वाचून दाखवणारी वहिनीच असणार. वहिनी, सावकाश वाच आणि काही गाळू नकोस.

परवा तू सहज म्हणालीस, "स्नेहालाबी उन्हाळी लागलीय. सब्जा चालू हाय, तू नको काळजी करू." वहिनीला पाचवा महिना, आणि तेव्हापासून मला काळजीशिवाय दुसरं काही सुचत नाही. म्हणून माझ्या उन्हाळीची हकीकत एकदा सलग सांगते. तू ती तुकड्यातुकड्यांनी ऐकली आहेस.

लघवीला जळजळ होते आणि नाव उन्हाचं, हा शब्द ज्याने काढला त्याला भेटायला हवं. मला ती लागली गरोदर असताना, ऐन थंडीत, स्वेटर घालून मोरीत जायच्या दिवसांत. तरी तू म्हणालीस, उष्णता. आपल्या घरातली पहिली शिकलेली मी, पण शिक्षणाचा इथे उपयोग नव्हता. (शाळेत जंतूंचा धडा होता, पण त्यात लघवी नव्हती. बाई लाजत असाव्यात.) तू सब्जा पाठवलास, धने पाठवलेस, शहाळी पाठवलीस. मग ओटीपोट दुखू लागलं, तेव्हा सासूबाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत सूज असू शकते, लघवी तपासून घ्या," आणि एक छोटी बाटली हातात दिली. सासूबाईंनी त्यातला एकच शब्द घरी आणला. माझ्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, बांगड्या ओढून पाहिल्या आणि म्हणाल्या, "सूज हाय कुठं? पोरीच्या बांगड्या निसटतात! डाक्टरीण आंधळी हाय." तरीही, असलीच आत तर असू दे म्हणून गरम मिठाच्या पुरचुंडीने शेक सुरू केला. आतून तुझा थंडावा, वरून त्यांचा शेक. तुझा जावई कमलेश म्हणाला, "आत फ्रीज, वर इस्त्री. तुला ठेवायचं तरी कुठं?"

आणि बाटली? झाकण चांगलं घट्ट आहे म्हणून सासूबाईंनी ती धुऊन तिच्यात लवंगा भरल्या. घरात सगळे हसले. दुसरी बाटली मागायला जायची मला लाज वाटत राहिली. मग ताप भरला, आणि सातव्या महिन्यातच कळा आल्या.

मुलीला तू काचेच्या पेटीबाहेरूनच पाहिलंस. "जवल्याएवढी बोटं हायत गो," म्हणालीस, तेव्हा नर्स हसली आणि मीही हसले. ती पेटीतून घरी आलीच नाही. आमच्याकडे आता कोणी बाजारातून तो बारीक जवळा आणत नाही. तसं कोणी ठरवलेलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते, कमीजास्त नाही. याच कारणाने झालं असं ठामपणे सांगता येणार नाही. पण उन्हाळी म्हणजे बहुतेक वेळा जंतूंचा त्रास. तो वर सरकला, आत सूज धरली, की गर्भपिशवीला वेळेआधी कळा येऊ शकतात. ही सूज बांगडीला कळत नाही. वेळेत तपासलं तर गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या असतात.

मावशी, तुझ्या सब्ज्याने काही बिघडलं नाही. त्या दिवसांत गोड असं तेवढंच होतं. फक्त जंतूंना तो कळत नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, कावळ्यांना एखादा खडा.

तुझी,
तेजल

ता. क. वहिनीला चार दिवस माझ्याकडे पाठव. मला घर खायला उठतं. पत्र घेऊन आलेला कमलेश रिक्षा थांबवून उभा आहे, तिच्यातूनच येऊ दे.

आणखी ता. क. (वहिनी, एवढं मनातल्या मनात वाच.) चार दिवसांचं खोटं आहे. आज दुपारची डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. नवी बाटली कमलेशच्या खिशात आहे, ती कशाची ते त्याला माहीत आहे, लाजू नकोस.

शेवटचं. वहिनी, वरचंही मोठ्याने वाच. मावशीपासून चोरून काही केलं तर मला जेवण जाणार नाही. मावशी, रिक्षात तूही बस. तुला कोणी काही विचारणार नाही, मी विचारू देणार नाही. वेळ मी फोनवरच घेतली, कारण मुलगी गेल्यापासून मला त्या दवाखान्यात पाऊल टाकवत नाही. मी बाहेर फाटकापाशी उभी असेन. तुम्ही दोघी आलात तर तुमच्यामधून मीही आत जाईन.