पहिल्या दालनातला आवाज

प्रिय ताईस,

तू घर सोडल्यापासून बाबांसमोर तुझे नाव घेण्याची सोय उरलेली नाही. परवा आम्ही तिघे नदीकाठच्या एका जुन्या शहरात गेलो होतो. तिथल्या संग्रहालयात कानाला लावून माहिती ऐकण्याचे यंत्र मिळते. पहिल्याच दालनात त्यातून तू बोलू लागलीस.

नदीच्या पुराची हकीकत आईने सहा वेळा ऐकली.

"एवढं काय आहे त्यात?" बाबांनी विचारले.

"वय झालं. एकदा ऐकून डोक्यात शिरत नाही."

यंत्र बाबांच्याही कानाला होते.

निघताना खिडकीवर यंत्रे परत घेणाऱ्या बाईंना तुझा फोन क्रमांक विचारायचा, म्हणून मी सबंध वाक्य मनात जुळवून ठेवले होते. तेवढ्यात त्यांनीच विचारले, "आवाज नीट येत होता ना?"

"मुलगी फार भरभर बोलते," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून."

आणि ते दाराकडे वळले. वक्तृत्वाची सगळी बक्षिसे मिळवलेली तुझी बहीण क्रमांक न विचारताच त्यांच्या मागे निघाली.

हे पत्र संग्रहालयाच्या पत्त्यावर टाकता येईल. पण तुझे उत्तर घरीच येईल, आणि घरचे टपाल अजूनही बाबाच उघडतात.

तुझी,
धाकटी