टँकर एकच फेरी वळवला

६ मे, सकाळ
सरपंच होऊन तीन वर्षं झाली, एक तक्रार नाही. केळी सुकत होती, म्हणून काल पंचायतीचा टँकर आमच्या बागेत वळवला. एकच फेरी. ड्रायव्हर रामूला म्हटलं, कोणी विचारलं तर बिघडला म्हणून सांग. उद्यापासून वेळापत्रक कडक.

६ मे, संध्याकाळ
टँकर आला नाही म्हणून वाडीतली म्हातारी इनेझमावशी काल गावाबाहेरच्या विहिरीवर गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. विरारला अ‍ॅडमिट. विहिरीच्या पायऱ्या मोडक्याच आहेत. आधीच्या सरपंचापासून.

९ मे
शेजारच्या हंसाने टँकर बागेत पाहिला होता. उपसरपंच व्हिन्सेंटने अविश्वास ठराव आणलाय. वसई कोर्टात जाऊन वकिलाला विचारलं, मी लाच खाल्ली का? पंचायतीचा पैसा खाल्ला का? मग माझा गुन्हा कुठला? तो म्हणाला, "साहेब, अविश्वासाला गुन्हा लागत नाही. विश्वास उडाला की पुरे."
वकील बदलावा.

११ मे
पंचायतीत आम्ही नऊ सदस्य, ठराव मंजूर व्हायला सात हात लागतात. मी, माझी बायको विनया आणि फ्लॉईड, तीन मतं पक्की. ठराव पडला म्हणून समजा.
मावशीला भेटायला जाणार होतो. पण आत्ता गेलो तर लोक म्हणतील, राजकारण करतो. मतदानानंतर जाईन.

१३ मे
भाषण तयार. विनयाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, यात मावशीचं नाव कुठे आहे? म्हटलं, मुद्दा तत्त्वाचा आहे. पुढे काही बोलली नाही. म्हणजे पटलं.
झोप मात्र नीट लागत नाही. उकाडा फार.

१५ मे
तहसीलदारांसमोर सभा. भाषण चांगलं झालं, फ्लॉईडने दोनदा मान डोलावली. ठरावाच्या बाजूने सहा हात वर झाले. मी उठायला लागलो, तेवढ्यात सातवा झाला. विनयाचा.
बाहेर आल्यावर तिला विचारलं, का? म्हणाली, "पाणी सोडलं तेव्हा मीपण बागेतच होते. तेव्हाच बोलायला हवं होतं."

१६ मे
विरारला गेलो. मावशी पडूनच होती. मला बघून उठायला गेली, नर्सने थांबवलं. म्हणाली, "सरपंच, तुम्ही कशाला तरास घेतला? रामू बोलला मला, टँकर बिघडला व्हता. पानी नाय त्याला तुम्ही काय करनार?"
सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण आजारी माणसाला धक्का देऊ नये.