पहिल्या सॉकेटातला व्हॉल्व्ह

आबा, तुमचा तो प्रीअँप्लिफायर पुन्हा सूं सूं करायला लागला होता म्हणे, आणि मला तुमचा राग आलाय. राग काही नवा नाही. तो मधूनमधून बसतो आणि काहीतरी निमित्त काढून उठतो. या खेपेला निमित्त झालं ते तुमच्या नातवाचं, म्हणजे माझ्या मुलाचं. राज्याची पुन्हा वाटणी चालली आहे. तुमच्या वेळी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले होते, आता आंध्र आणि तेलंगण वेगळे होतायत, आणि पुन्हा कचेऱ्यांतून कागद फिरतायत की कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार. असला एक फॉर्म त्याच्याही हातात आला. त्यानं काय केलं सांगू? दुपारी जेवताना तो फॉर्म टेबलावर पसरला आणि बायकोला विचारलं, "तुला काय वाटतं?" एवढंच. ती म्हणाली इथंच बरं आहे, पोरीची शाळा आहे. तो म्हणाला ठीक आहे. मग दोघांनी दही वाढून घेतलं. माझा घास हातातच राहिला. इतकं सोपं होतं ते, आबा. आईला नुसतं विचारायचं होतं.

तुमचं नाव मोठं होतं, ते मी नाकारत नाही. परभणीकडचं शेत भावांवर सोपवून तुम्ही हैदराबादेत आलात, नामपल्लीच्या नुमाइशीच्या, म्हणजे प्रदर्शनाच्या, मैदानात भोंगे लावण्यापासून सुरुवात केलीत आणि सरकारी वर्कशॉपात मिस्त्री झालात. रविवारी शौकीन लोकांच्या घरी जाऊन त्यांची गाण्याची यंत्रं दुरुस्त करायचात, आतल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, बदलून द्यायचात. मिस्त्रीसाहेबांनी निवडलेला व्हॉल्व्ह म्हणजे मुका व्हॉल्व्ह, असं लोक म्हणायचे. मला तुम्ही शिकवलंत ते अजून पाठ आहे: रेकॉर्डवरच्या सुईतून आलेला आवाज मुंगीएवढा असतो, प्रीअँप्लिफायर तो मोठा करतो, आणि त्यातल्या पहिल्या सॉकेटातला व्हॉल्व्ह सगळ्यांत शांत हवा. तिथं जरा खरखर झाली की पुढचे सगळे मिळून तिला मोठं करत नेतात. "पहिला कुरकुरला की शेवटचा किंचाळतो," हे तुमचं वाक्य. नुसतं खोकं बघून, नाव वाचून व्हॉल्व्ह घेऊ नये, एकाच खोक्यातले दोन व्हॉल्व्ह सख्ख्या जावांसारखे असतात, एक बोलेल, एक बोलणार नाही, हेही तुमचंच.

फक्त एक गोष्ट तुम्ही कुणाला सांगितली नाहीत. भोंग्यांखाली वर्षानुवर्षं उभं राहून तुमचे कान गेले होते. पार नाही, बोलणं ऐकू यायचं. पण ती बारीक सळसळ, ती तडतड, ते तुमच्या कानांच्या हद्दीबाहेर गेलं होतं. ते माझ्या कानांना ऐकू यायचं.

चिक्कडपल्लीच्या आपल्या घरात मी स्टुलावर बसले आहे. तेरा वर्षांची. स्वयंपाकघरात, कारण प्लग तिथं एकच. समोर स्पीकर, रेकॉर्ड लावलेली नाही, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. आई फोडणी थांबवून बांगड्या कोपरापर्यंत सरकवून उभी आहे, म्हणजे किणकिण नको. तुम्ही बटण बंद करता, रुमालानं गरम व्हॉल्व्ह काढता, दुसरा बसवता, तो तापेपर्यंत आपण तिघंही गप्प. मग तुम्ही पेन्सिलीच्या रबरानं त्याच्या काचेवर हळूच टकटक करता आणि माझ्याकडे बघता. मी म्हणते "वाफ", म्हणजे नुसती सूं सूं आहे, चालेल. किंवा "मोहरी", म्हणजे तडतडतोय. किंवा "घंटा", म्हणजे टिचकीनं घुमतोय, फेका. स्वयंपाकघरातले शब्द होते, मला दुसरे माहीत नव्हते. मला तो खेळ फार आवडायचा. हे लिहिताना चीड येते, पण खरं आहे, आवडायचा.

बाहेर गेलं की शब्द बंद. तिथं आपली खूण ठरलेली. मी "हत्यारं उचलायला" आलेली पोरगी. व्हॉल्व्ह चांगला असेल तर मी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, मुठीच्या बाजूनं तुमच्या हातात द्यायचा, वाईट असेल तर पात्याच्या बाजूनं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ माझी.

हिमायतनगरच्या त्या डॉक्टरांकडचा दिवस आठवतो का? त्यांना कुणी विलायतेहून चार व्हॉल्व्ह आणून दिले होते, त्यातला पहिल्या सॉकेटासाठी कोणता ते ठरवायचं होतं. डॉक्टर स्वतः शेजारी उभे. तुम्ही त्यांच्याशी बोलण्यात रंगलात. तिसऱ्या व्हॉल्व्हला स्वच्छ मोहरी तडतडत होती. मी पेचकस पात्याकडून पुढे केला. तुम्ही न बघताच घेतलात आणि म्हणालात, "ये बेस्ट है साब." मी खोकले. तुम्ही झाकणाचे स्क्रू आवळायला घेतलेत. मग माझ्याच्यानं राहवलं नाही.

"आबा, हा नको. हा तडतडतोय."

"तुला काय कळतं?" तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात. "हत्यारं धर आणि गप उभी राहा!"

डॉक्टरांनी स्पीकरला कान लावला. ते हसले. "मिस्त्रीसाब, बच्ची सच बोलरी. सुनो तो, चरचर होरा."

तुमचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला, आबा. एक क्षणच. मग तुम्हीही हसलात. "मालूम है साब. बच्ची का इम्तेहान लेरा था मैं."

"वाह! क्या उस्ताद है!" डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला एक संत्रं दिलं. तुम्हाला त्यांचा जुना प्रीअँप्लिफायर दिला, उस्तादाची बक्षिसी म्हणून. तोच हा, जो अजून माझ्या कपाटावर आहे. माझ्या कानांचं बक्षीस तुम्ही काखेत मारून घरी आणलंत. मला वाटलं, घरी गेल्यावर तरी पाठीवर हात ठेवाल. तुम्ही आईला सांगितलंत, "पोरगी आगाऊ झालीय."

त्याच आठवड्यात तुमच्या वर्कशॉपात तो कागद आला. मराठी लोकांनी लिहून द्यायचं: मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात जायचं की इथंच राहायचं. आईला विचारायची गरजही नव्हती, तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. तिचा भाऊ औरंगाबादेत, तिची आई परभणीत, इथं तिला बाजारात भाजीसुद्धा खुणेनं घ्यावी लागायची. तुम्ही फॉर्म घरी आणायच्या आतच तिनं भांडी जुन्या लुगड्यांत बांधायला काढली. दगडी पाटा-वरवंटा कुठं नेणार, म्हणून तो शेजारच्या तेलुगू बाईंना देऊन टाकला. मी तर नकाशात रेल्वेची स्टेशनं मोजून ठेवली होती. मामा म्हणाला होता, पोरीला औरंगाबादेत विज्ञान शिकवू.

आणि वर्कशॉपातल्या चहावर कुणीतरी तुम्हाला सांगितलं की पलीकडे रुजू होताना नव्यानं डॉक्टरी तपासणी होणार आहे, कान मशीनवर तपासणार आहेत. तुम्ही कुणाला विचारलं नाहीत, साहेबाला नाही, कारकुनाला नाही. विचारलं असतं तर "तुम्हाला का भीती वाटते?" असं कुणी म्हणालं असतं. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात एकदा पकडले जाता जाता वाचला होतात, तेवढं तुम्हाला पुरलं. बरीच वर्षं गेल्यावर तुमच्याबरोबरच्या एका मिस्त्रीची बायको लग्नात भेटली. ते लोक गेले होते. मी सहज विचारलं. ती म्हणाली, "छे गं, कसली तपासणी? सही केली आन् रुजू झाले." त्या लग्नात मी जेवले नाही.

फॉर्म मी भरला. माझं अक्षर चांगलं होतं. तुम्ही दार लोटून घेतलंत, मी शाईत टाक बुडवला आणि तुम्ही सांगितलंत, "इथंच राहायचं, असं लिही." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "आईला सांगू नकोस." मी लिहिलं. मग काही दिवसांनी तुम्ही घरी येऊन पागोटं खुंटीला लावलंत आणि म्हणालात, "साहेबानं सोडलं नाही." आई परातीत तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, का कोण जाणे, तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. मी तांदळातला खडा शोधत राहिले.

शेजारीण चांगली होती. दुसऱ्याच दिवशी दोन पोरांकडून पाटा उचलून दारात घेऊन आली. "तीसुको अक्का, नीदे कदा," म्हणाली, घे बाई, तुझाच आहे ना. आईनं हात जोडले. "दिलेलं परत घेत नाहीत आमच्यात." आणि खरंच घेतला नाही. पुढं जन्मभर ती चटणी खलबत्त्यात कुटत राहिली, आणि भिंतीपलीकडे रोज सकाळी तिच्या पाट्यावर दुसरं कुणी वाटायचं. बारीक घर्र घर्र. आई चुलीपुढे थांबून ऐकायची. तुम्ही तिथंच पेपर वाचत बसलेले असायचात. तुम्हाला ते ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटतं, यातच सगळं आलं.

मॅट्रिक झाल्यावर मी मामाकडे जायचं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तू गेल्यावर इथं..." आणि वाक्य सोडून दिलंत. मला टायपिंगच्या क्लासात घातलंत, कारण क्लास सकाळचा होता आणि रविवार मोकळा. स्थळसुद्धा हिमायतनगरचं पाहिलंत, सायकलवर पंधरा मिनिटं. लग्नानंतरही दर रविवारी मी माहेरी येऊन स्टुलावर बसत होते, पोटात मूल असताना, मूल मांडीवर असताना. लोक म्हणायचे, बापलेकीचं काय प्रेम आहे! आई तुमच्या आधी गेली, साहेबानं सोडलं नाही हेच खरं मानून. तिला मी सांगू शकले असते. तुम्ही "सांगू नकोस" म्हणाला होतात ते तेरा वर्षांच्या मुलीला, तिशीतल्या बाईला नाही. त्याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून समजलेलं नाही, म्हणून तोही तुमच्याच नावावर टाकते.

तर मध्यंतरी तो डबा बिघडला. नात म्हणाली, सूं सूं करतोय, टाकून दे आज्जी. मी म्हटलं, खबरदार. मग तिनंच मोबाइलवरून चार व्हॉल्व्ह मागवले, काल सकाळी आले. तिला मराठी धड वाचता येत नाही, पण स्क्रू छान काढते. मी स्टुलावर बसले. आवाजाचं बटण शेवटपर्यंत. तिनं माझ्या सांगण्याप्रमाणे रुमालानं एकेक बदलला, पेन्सिलीच्या रबरानं टकटक केली, आणि दर वेळी माझ्याकडे बघितलं. पोरीचे डोळे माझ्या आईसारखे आहेत. मी चौघांनाही नीट वेळ दिला. मग तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा लाव पहिल्या सॉकेटात. सगळ्यांत शांत."

ती घुटमळली. "आज्जी, थर्डवाला थोडा आवाज करतोय ना? तेलात काही टाकल्यासारखा?"

"तुला काय कळतं?" मी म्हटलं. माझ्याच तोंडून आलं ते, अगदी तुमच्या आवाजात. तिचं तोंड एवढंसं झालं. मग मी हसले आणि म्हटलं, "शाबास. तुझी परीक्षा घेत होते." तिनं मला मिठी मारली. दुसरा व्हॉल्व्ह तिनंच बसवला, आणि संध्याकाळी आईबापांना सांगत होती की आज्जीचे कान अजून कसले भारी आहेत.

हे पत्र मी कुठं धाडणार? डब्याच्या झाकणाखाली ठेवीन, नाहीतर फाडून टाकीन. तुम्हाला मी माफ केलेलं नाही आणि आता करणारही नाही. पण एक गोष्ट सांगते, कारण घरात कुणाला सांगायची माझी छाती होत नाही. काल मला चारही व्हॉल्व्ह शांतच वाटले.