खालची खाच

प्रिय दाजी,

माझं अक्षर बघून आधी हसून घ्या. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरलं ते सहीपुरतं. फोन का नाही केला म्हणाल, तर केला होता, तीनदा. तिन्ही वेळा तुम्ही "बोला, इंजिनियरसाहेब" म्हणालात, आणि मी जेवणाखाण्याचं काहीबाही विचारून ठेवून दिला.

मी बरा आहे. काम तेच, इमारतींच्या छतात डोकं घालून केबली ओढायच्या. वर्षातली तिसरी नोकरी, पण अजून टिकलोय. खरे इंजिनियर खाली खुर्चीत बसतात आणि "अजून दोन हात ओढ रे" म्हणतात. ताई दुकानात गिऱ्हाइकांना माझा भाऊ इंजिनियर आहे असं सांगते, हे मला माहीत होतं. मी तिला कधी थांबवलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

गेल्या सुट्टीत तो डबा बसवला तेव्हा तुम्हाला समजावत होतो, आठवतंय? की हा जुना कॉम्प्युटर, आणि याच्या पोटात दुसरा एक, नुसता मानलेला, दिसत नाही असा; ताईची सगळी मापं, कापडांचे फोटो, नमुने त्या दुसऱ्याकडे राहणार. तुम्ही ब्रश धूत म्हणालात, "म्हणजे पोटभाडेकरू!" ज्याचे व्हिडिओ बघून मी हे शिकलो त्यालाही इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. दाजी, मी हातात घेतलेली आणि पुरी केलेली ती पहिलीच गोष्ट. रोज इथून मोबाइलवर उघडून बघायचो, चालतंय ना म्हणून. आणि मला स्वस्थ बसवत नाही हे तुम्ही जाणताच.

मागच्या मागच्या रविवारी तुम्ही डब्याचं ते टेबल सरकवलंत. जगाची घरं रंगवतो आणि स्वतःच्या भिंतीला पोपडे, असं ताई दोन वर्षं ऐकवत होती, म्हणून एकदाचं मनावर घेतलंत. त्याच दुपारी डबा गप्प झाला. नाटकवाल्यांच्या तेवीस जणांची मापं आत, कापड कापायला घेतलेलं, आणि ताईच्या मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरतंय. तिने मला फोन केला. मी काहीही न बघता म्हणालो, दाजींनीच सरकवताना काहीतरी हलवलं असणार.

मग तीन दिवस मी तुम्हाला नाचवलं. बंद करा, चालू करा, इंटरनेटची वायर काढा, परत लावा. दिवा हिरवा आहे का विचारलं तर तुम्ही म्हणालात, "हिरवा म्हणजे कुठला, पोपटी की शेवाळी?" मी हसलो नाही. वर खेकसलो. आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "अरे, खाली अजून एक तशीच खाच आहे, त्यात लावून बघू का?" मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "दाजी, तुम्ही भिंतीला हात लावा, यात नको." ताई शेजारी उभी होती.

त्या खाचेत वायर घातली असती तर डबा तिथल्या तिथे चालू झाला असता. मला ते ठाऊक होतं. रविवारी तुम्ही टेबलाला हात लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं मी इथे खाटेवर लोळत मोबाइलवरून आत शिरलो होतो. खालच्या खाचेतून जास्त वेगाने चालतं असं कुठेतरी ऐकलं, म्हणून मालकाला आणि पोटभाडेकरूला, दोघांनाही वरच्या खाचेचं दार बंद करून खालचं दिलं. खाली वायरच नाही, हे बटण दाबल्यावर लक्षात आलं. पडदा जागच्या जागी थिजला. आता मला इथून आत जाता येईना, तरी खटपट करत राहिलो. शेवटी तुम्हाला फोन करणार होतो, तेवढ्यात ताईचाच आला, आणि तिने टेबल सरकवल्याचं सांगितलं.

काल ती म्हणाली, तुमच्याशी कामापुरतंच बोलते. भिंत अर्धीच राहिलीय. येत्या रविवारी तेवीस जणांना परत मापं द्यायला बोलावून त्यांची माफी मागणार आहे. आणि तुम्ही तिच्याकडून मला निरोप दिलात: "त्याला सांग, माझ्याच हातून झालं, त्याने जिवाला लावून घेऊ नये."

दाजी, तो निरोप ऐकला आणि कागद घेऊन बसलो. फोनवर माझं तोंड आपोआप खोटं बोलतं, म्हणून हे लिहिलं. कुरियर गुरुवारी पोचेल, म्हणजे रविवारच्या आत. वायर खालच्या खाचेत घाला, पाच मिनिटं थांबा, सगळं जसंच्या तसं दिसेल. पण मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही वायर घालाल, "झालं बुवा कसंतरी" म्हणाल आणि हा कागद खिशात घालाल, मला वाचवायला. म्हणून हेच सगळं पुन्हा लिहून दुसरं पाकीट ताईच्या नावाने दुकानावर पाठवलंय. तेही गुरुवारीच पोचेल.

तुमचाच,
मेहुणा