झरोका उघडाच ठेवलाय

अहो,

सुमी विचारून राहिली, आजी, वर नाव काय लिहू? मी म्हणलं, उभ्या जन्मात नाव घेतलं न्हाई, आता कागदावर घेऊ व्हय? लिही 'अहो'. हाकेला ओळखत होते, कागदालाही ओळखतील.

अक्षर सुमीचं, बोलणं माझं. मधूची थोरली, आपली सुमी. बाळंतपणाला माहेरी आलीय. तुमी पणजोबा झालात बरं का. पोरगी झाली, अन् नाक तुमच्यावर गेलंय. बिचारीचा त्यात काय कसूर?

पत्र काहून, म्हणाल. तर आपलं झरोक्याचं भांडण मिटलं. तुमी जिंकलात. हे तुमाला माझ्याशिवाय कोण सांगणार?

मधल्या खोलीवरच्या मातीच्या धाब्याला उजेडासाठी ठेवलेलं ते भोक. पावसाळ्यात तुमी त्यावर पत्रा घालायचे, अन् हिवाळा लागला, घरात शेगडी आली, की पत्रा सरकवून हातभर जागा मोकळी करायचे. त्याच्या बराबर खाली माझी वाकळ. पौषातली सगळी थंडी नेमानं माझ्या डोक्यावर. मी म्हणायची, खाली निखारा अन् वर भोक, आभाळाला ऊब द्यायचा ठेका घेतलाय का? तुमी एवढंच म्हणायचे, "घरात निखारा असला की वर वाट पाहिजे." झालं. पुढं कान बंद.

तुमचे हुकूम काय एक होते? मिरगाच्या आधी धाब्यावर पांढरी माती अंथरा, पन्हाळीतलं गवत उपटा. हळद वाळवायला पोरं वर चढली की खालून ओरडा, तुळयांवर पाय द्या रे. वावटळी सुटायच्या आत गोठ्याच्या पत्र्यावर दगड ठेवा. उन्हाळ्यात वाकळ झटकल्याशिवाय आडवं व्हायचं न्हाई. ओल्या हातानं कूलरला शिवायचं न्हाई. सरपण भिंतीला लावायचं न्हाई, साप येतो. सासूबाई गेल्या तेव्हा मला वाटलं होतं, आता जरा मोकळं. कुठलं काय! सासूची जागा तुमी भरून काढली.

तुमी गेल्यावर घर कसं शांत झालं. पहिल्याच उन्हाळ्यात मी मुद्दाम वाकळ न झटकता अंथरली. उशाला विंचू निघाला. चावला न्हाई. मला वाटलं, तुमीच धाडला, नुस्ता दम द्यायला.

आता झालं ते ऐका.

बाळंतिणीला वारा लागू नये, हे तर सगळ्या गावाचं म्हणणं. यंदा थंडीही अशी, की कुरुंद्याच्या बाजारात माणसं दुपारीही मफलर सोडत न्हाईत. मधूनं लेकीच्या मायेनं मधल्या खोलीचा पार डबा करून टाकला. खिडकीला पोतं, दाराच्या फटीला गोधडी, अन् तुमच्या झरोक्यावर खताच्या पोत्यातलं प्लास्टिक, वर दगड. बाजेखाली शेगडी.

सकाळी लेकराची आंघोळ झाली. ओवा-शेपाची धुरी दिली, दार लावलं. सून धुणं घेऊन विहिरीवर गेली. मी चुलीपाशी डिंक तळत बसले. आपलं लेकरू आंघोळ झाली की घर डोक्यावर घेतं. त्या दिवशी हूं न्हाई की चूं न्हाई.

मी हाक मारली. सुमी आतून म्हणली, "आजी, डोकं लई जड झालंय."

जरा वेळानं परत हाक मारली. ओ न्हाई.

मधू अंगणात होता. म्हणला, झोपली असंल, रातभर लेकरानं जागवलं, निजू दे. अन् मीही निजू दिलं असतं बरं का. पण तुमी आठवलात. एका हिवाळ्यात मी चोरून झरोक्यात पोतं कोंबलं होतं, तेव्हा ते काढता काढता, माझ्याकडं पाठ करून बोलला होतात.

"थंडीनं माणूस उठून बसतं. कोळशाच्या हवेनं उठतच न्हाई."

डिंक तसाच कढईत टाकून उठले. दार ढकललं, गोधडीत अडकलं, खांद्यानं लोटलं. सुमी बाजेवर, डोळे अर्धे उघडे, ओळख न्हाई. मधूनं तिला उचलून ओसरीवर आणलं. मी लेकरू उन्हात धरलं. पायाला टिचक्या मारल्या, पाठ चोळली. न्हाई. परत चोळली. अहो, तुमचं ते नाक नुस्तं पांढरं पडलं होतं.

मग रडलं. असं रडलं की शेजारीण भिंतीवरून डोकावली. रडणं इतकं गोड असतं, हे मला सहा बाळंतपणांत कळलं न्हाई.

मधू दोघींना जीपनं दवाखान्यात घेऊन गेला. डाक्टरणीनं दिवसभर ठेवून घेतलं, अन् मधूला झापलं, बंद खोलीत शेगडी म्हंजे जीवाशी गाठ. जे तुमी इतके हिवाळे फुकट सांगत होते, ते.

आता दोघी बऱ्या आहेत. लेकरू सुमीच्या मांडीवर आहे, म्हणून अक्षर वाकडं येत असंल तर समजून घ्या.

पण एक विचारू? त्या दिवशी पाठ करून काहून बोललात? कोण उठलं न्हाई, तुमच्या डोळ्यांदेखत? आई? एखादं भावंड? तुमच्या घरातलं कुणी कधी त्याचा विषय काढला न्हाई. हुकूम दिला तसं दुःखही दिलं असतं, तर मी काय फेकून दिलं असतं? थंडी सोसली की न्हाई तुमच्यापायी? तेही सोसलं असतं.

असो. दवाखान्यातून आल्या आल्या मधू शिडी लावून वर गेला. प्लास्टिक काढलं, तुमचा पत्रा सरकवला. वरून विचारतो, माय, केवढं ठेवू? मी म्हणलं, बाप ठेवायचा तेवढं, हातभर. शेगडी आता ओसरीवर. अन् मधू पुढच्या सालाला स्लॅब टाकायचं म्हणतोय. टाक म्हणलं, पण झरोका सोडून.

माझी वाकळ आहे तिथंच अंथरीन. थंडी डोक्यावर येईल, अन् मी कुरकुर करीन, ते काही सुटायचं न्हाई. पण मी आहे तवर त्या झरोक्यावर कुणाला हात लावू देणार न्हाई.

सुमी म्हणते, आजी, खाली तुझं नाव घालते. मी म्हणलं, राहू दे. त्यांनी तरी कधी घेतलं?

तुमचीच,
अगं ए