देवापाशी ठेवलेली जाळी

२२ सप्टेंबर
आयटीआयची क्रांती आजपासून माझ्या वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगला. उसाच्या ट्रॉल्या उंब्रजमध्ये बरेच जण बनवतात, पण सेफ्टी म्हणजे काय ते आता मी दाखवणार. फौजेत होतो म्हटलं, शिस्त अंगात आहे. तिच्या आईला, हरणाबाईंना, शब्द दिला: पोरीच्या केसाला धक्का लागणार नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
झकास आयडिया! मशीनची पूजा सगळेच करतात, आपण सेफ्टीची करायची. ड्रिल मशीनच्या पट्ट्यावरची जाळी काढली, पिवळीधमक रंगवली, हार घालून देवापाशी मांडली. फोटो स्टेटसला टाकला. फक्त मेव्हण्याने लाइक केलं. बाकीचे जळतात.

४ ऑक्टोबर
क्रांती म्हणाली, काका, जाळी बसवू का? पट्टा उघडाच हाय. म्हटलं, बुधवारी तुझे सर तपासणीला येतायत, तोवर राहू दे, नजरेत भरते. पोरगी हुशार, पण घाई फार. तोपर्यंत मशीन बंदच ठेवायचं ठरवलं.

६ ऑक्टोबर
साखर कारखाने सुरू होणार, गिऱ्हाईक दारात बसलंय. मशीन चालू केलं. पट्ट्यापासून लांब राहा, असं क्रांतीला बजावलं. ही तोंडी सेफ्टी.

८ ऑक्टोबर
सर आले. जाळीला हात जोडले, माझ्यासोबत फोटो काढला, चहा घेतला, सही करून गेले. मशीनकडे वळलेसुद्धा नाहीत. खरं तर त्यांनी बघायला हवं होतं. पण मी कशाला बोलू?
उद्या जाळी बसवणार. नक्की.

९ ऑक्टोबर
स्क्रू सापडेनात. पूजेच्या आवराआवरीत बायकोने झाडून टाकले असणार. उद्या कराडहून आणतो.

१० ऑक्टोबर, दुपार
स्क्रू घेतानाच फोन आला. क्रांतीचा उजवा हात पट्ट्यात. दोन बोटं गेली.
मी तर तिथे नव्हतोच.

११ ऑक्टोबर, दवाखाना
काय बोलायचं ते वाटेत घोकलं. लांब राहा म्हणालो होतो. सरांची सही आहे. स्क्रू खिशात आहेत. हरणाबाई बाकावर बसल्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, आवं साहेब, भूल उतरल्यापास्नं पोर एकच इचारतीया, मशीन बंद केलं का कुणी? न्हाईतर अजून कुणाचा तरी हात जाईल.
बाहेर येऊन वर्कशॉपला फोन लावला. कामावरच्या पोराने उचलला, पण घरघरीत त्याचं बोलणं ऐकूच येईना.
मशीन चालू होतं.